माझं विमान

६ नोव्हेंबर

आले बाई एकदाची भिवंडीत! बावीस वर्षं विमानं उडवली, पण नाक्यापासून राहनाळपर्यंत रिक्षानं जेवढा जीव घेतला तेवढा कुठल्या वादळानं घेतला नव्हता. समोरून कंटेनर आला की रिक्षावाला भोंगा वाजवायचा आणि मागे वळून माझ्याकडे बघून हसायचा. पुढे बघ मेल्या, म्हटलं. तर म्हणतो, मॅडम टेन्शन नका घेऊ, रोजचंच हाय.

खोली कामतघरला मिळालीय. खाली लूम, शेजारी लूम, समोर लूम. दिवसभर खटाखट चालू. सगळे मला बिचारी म्हणून बघतात, पण मला इंजिनाच्या आवाजाशिवाय चैन पडत नाही, त्यामुळे माझं बरं चाललंय.

लॉगबुकात कोरी पानं उरली होती, म्हणून त्यातच लिहितेय. मार्चमध्ये डाव्या कानानं दगा दिला. कानात तोल असतो म्हणे, तो बिघडला. बसल्या जागी वाटतं की उजवीकडे कलंडतेय. वैद्यकीय तपासणीत नापास, मनिषाबाईंचं लायसन्स बंद. तीन महिने घरात आदळआपट केली. शेवटी सोनल, माझी लेक, पुण्याहून फोनवर म्हणाली, आई, माझ्या डोक्यावर मिरे वाटण्यापेक्षा पोरांना शिकवायला जा. म्हणून ही नोकरी.

शिकवायची जागा, राहनाळचं गोदाम, मात्र झकास. एका बाजूला डायपरचं गोदाम, दुसऱ्या बाजूला पंख्यांचं, आणि मधल्या गाळ्यात विमानाचं नाक! खरंखुरं, भंगारात निघालेल्या विमानाचं, दारामागून कापलेलं, सिमेंटच्या चौथऱ्यावर बोल्टांनी आवळलेलं. हलत नाही, डुलत नाही. काचांबाहेर पडदे, पडद्यांवर आकाश, झालं सिम्युलेटर. ऑटोपायलट मुद्दाम काढून टाकलाय, पोरांनी हातानं उडवायला शिकावं म्हणून.

गाळ्याचे मालक सत्तारभाई, पिढीजात लूमवाले, बोलायला गोड. धाकटी तय्यबा पायलट होणार म्हणून हटून बसली, तेव्हा बापानं अख्खा गाळाच सिम्युलेटरला दिला. दुसरा विद्यार्थी दर्शन, पडघ्याचा, उंचापुरा आणि तोंडाळ. राखण आणि झाडलोट देवू करतो. तो वज्रेश्वरीच्या पलीकडच्या पाड्यावरून रोज एसटीनं येतो.

माझी एक जुनी पद्धत आहे. विमान कंपनीत असताना प्रवासी चढले की मी एकाला हेरून ठेवायची. कुणी लोणच्याची बरणी घेतलेली आजी, कुणी लग्नाचा फेटा सांभाळणारा मुलगा. उतरताना मनात तोच. मागे कोण बसलंय हे माहीत असलं की हात सैल पडत नाही. तेच इथे लावलं. सिम्युलेटरमध्ये प्रवाशांची यादी भरायची असते, त्यात आपल्या खऱ्या माणसांची नावं लिहायची, आणि मग उडवायचं. पहिल्या उड्डाणाला आम्ही तिघांनी हौसेनं नावं दिली. मी सोनलचं लिहिलं, सत्तारभाईंनी बेगमचं, नबीला. देवू तोंडावर हात धरून लाजला आणि म्हणाला, देवकी लिवा, बायकू हाय माजी, तिनं ईमान बगलं न्हाय कवा.

मी झोकात उडवलं. आठ हजार फुटांवर होतो तोच नबीलाभाभींकडून मटण आणि सांदणं आली. थांबवण्याचं बटण दाबलं आणि विमान तसंच हवेत टांगून आम्ही जेवायला बसलो. सांदणं काय होती! त्यानंतर परत कोण बसतंय कॉकपिटमध्ये. ते उड्डाण तसंच राहिलं, असू दे.

९ नोव्हेंबर

आज अ‍ॅप्रोच शिकवला. विमान उडवणं कुणालाही जमतं, उतरवायला मात्र अक्कल लागते. रनवेवरून दोन किरण आकाशात सोडलेले असतात. एक सांगतो तू डावीकडे आहेस की उजवीकडे. दुसरा सांगतो तू वर आहेस की खाली. समोरच्या तबकडीवर एक उभी रेघ आणि एक आडवी रेघ. दोन्ही बरोबर मधोमध छेदल्या की तू योग्य उतरणीवर आहेस. दर मैलाला साधारण तीनशे फूट खाली, वेग एकसारखा, चाकं खाली, हजार फुटांवर सगळं जागच्या जागी. नसेल तर मुकाट्यानं परत वर.

दर्शन जांभया देत होता. तय्यबाला चटकन कळलं. म्हणाली, मॅम, हे तर ताणा-बाणाच आहे, उभा धागा, आडवा धागा. पोरीच्या डोक्यात लूमच आहे. मला इतकं बरं वाटलं की खांद्यावर एक धपाटा घातला.

मग दोनशे फुटांची गोष्ट सांगितली. तिथे ठरवायचं. दिवे दिसले तर उतर, नाही दिसले तर वर जा, तिसरा रस्ता नाही. आणि दुसरा नियम, तो मी फळ्यावर लिहिला. आमच्या विमानात दोन पायलटांना दोन स्टिक असतात. दोघांनी एकदम हलवल्या तर विमान दोघांची बेरीज करतं. म्हणून दुसऱ्याच्या हातातून घ्यायचं तर आधी मोठ्यानं म्हणायचं, माझं विमान. समोरच्यानं म्हणायचं, तुमचं विमान, आणि हात उचलायचा. एका वेळी एकच हात.

तय्यबानं गुपचूप मोजलं म्हणे. आजच्या दिवसात मी अकरा वेळा म्हटलं, माझं विमान. त्यातल्या चार वेळा म्हणण्याआधीच स्टिक धरली होती. मला राग आला आणि हसूही आलं. काय करू, चुकताना बघवत नाही मला.

संध्याकाळी सोनलचा फोन. गुरुवारपासून कानांना दडे बसलेत तिच्या. वाफ घे म्हटलं.

१२ नोव्हेंबर

दर्शननं आज विमान पाडलं. बेफिकीर मेला! उतरणीच्या खाली गेला, वेग संपवला, मी ओरडतेय वर जा वर जा, आणि साहेब नाक उचलून धरतायत. चाळीस फुटांवरून धोंड्यासारखं खाली आलं, रनवेच्या अलीकडे. पडदे लाल झाले.

माझं डोकं फिरलं. यादी काढली आणि त्याच्यासमोर वाचली. सीट तेवीस बी, तुझा दाजीमामा, गेला. वाच, म्हटलं, तुझ्या तोंडानं वाच. त्यानं वाचलं. डोळ्यांत पाणी आलं पोराच्या. बरं झालं, आता विसरणार नाही.

देवू झाडू घेऊन दारात उभा होता. त्यानं विचारलं, किती मानसं मेली? मी म्हटलं, एकशे ऐंशी, बाकीच्या सीटा मशीन आपोआप भरतं. तो म्हणाला, त्यांचं कोन करनार? त्यांच्या पाड्यावर कुणी अपघातानं गेलं की त्या जागेवर दगड मांडतात आणि कोंबडा देतात, नाहीतर ती जागा पुन्हा माणूस मागते. मी म्हटलं, देवू, ही खोटी माणसं आहेत, चित्रातली. तो म्हणाला, नावं तर खरी लिवलीत, बाय.

दुपारी बघते तर चौथऱ्याला ताजं रक्त फासलेलं. अशी भडकले! फिनेलनं धुऊन घेतलं त्याच्याकडूनच. तो बिचारा पुसत राहिला. जाताना सांगत होता, देवकीचे कान दुखतायत, पाय सुजलेत. दवाखान्यात ने म्हटलं.

१३ नोव्हेंबर

दर्शन आला नाही. दाजीमामा वारला.

तय्यबा सांगत होती. मामा पडघ्याला आपल्या ओट्यावर बसून वाल सोलत होता. बसल्या जागी धप्प असा आवाज झाला, घरातले बाहेर आले तर मामा बसलेलाच, पण निम्म्या उंचीचा. मणके एकात एक घुसलेले. मांडीची हाडं कातडी फाडून बाहेर. डॉक्टर विचारत होते, कितव्या मजल्यावरून पडला. ओटा दोन फुटांचा आहे.

वेळ विचारली नाही मी. कशाला विचारायची? योगायोग असतात. बावीस वर्षांत काय थोडे बघितले.

१७ नोव्हेंबर

हे नीट लिहायला हवं. कुणाला सांगितलं नाही ते निदान इथे लिहिते.

तय्यबा उतरवत होती. सुंदर उतरवत होती. दोन्ही रेघा मधोमध, वेग पक्का. तीस फुटांवर वारा लावला मी, डावीकडून. विमान थोडं सरकलं. ती सावरत होती, बरोबर सावरत होती, आणि माझ्या हाताला राहवलं नाही. न बोलता स्टिक धरली. तिनं डावीकडे दिलं, मीही डावीकडे दिलं. बेरीज झाली. डावा पंख जमिनीला लागला, विमान गरगरलं, पडद्यांवर आग.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, बघितलंस, उशीर केलास. खोटं बोलले.

यादीत तिच्या भावाचं नाव होतं. ओसामा, बारा ए. डावीकडची खिडकी.

तासाभरात घरून फोन आला. ओसामा कामतघरच्या कारखान्यात टेबलाशी बसून चहा पीत होता. आधी डावा हात खांद्यापासून उखडला आणि भिंतीवर जाऊन आपटला. मग तो जळायला लागला. आग कुठेच नव्हती. शर्ट शाबूत, खुर्ची शाबूत, आतला माणूस जळत होता. कामगारांनी पाणी ओतलं तर कातडी पाण्याबरोबर खाली आली. तो ओरडत होता, पट्टा काढा, पट्टा काढा. कसला पट्टा ते कुणाला कळेना.

मी इस्पितळात गेले. चादर सारलेली होती. पोटावर आडवा निळा पट्टा, दोन बोटं रुंद, या कमरेपासून त्या कमरेपर्यंत. तिथल्या डॉक्टरांना कळलं नाही. मला कळलं. सीटबेल्टचा वळ आहे तो.

१८ नोव्हेंबर

दर्शनला फोन केला. मामाच्या पोटावर पट्टा होता का? होता. निळा. त्याला वाटलं करगोटा असेल.

पोलिसांनी रसायनाचा अपघात असं लिहून नेलं. दफन झालं. तय्यबा माझ्याशी बोलत नाही. सत्तारभाईंनी मलाच धीर दिला, म्हणाले, मॅडम, अल्ला की मर्जी. मला वाटलं जमिनीनं गिळावं.

१९ नोव्हेंबर

देवूपाशी बोलले. दुसरं कोण होतं बोलायला? तो हसला नाही. म्हणाला, खात्री करून घ्या. घरून कोंबडा घेऊन आला, लाल, तुरेवाला. त्याला तो राजा म्हणतो.

टोपलीखाली ठेवला, कॉकपिटच्या दारात, मला दिसेल असा. यादीत एकच नाव लिहिलं. एक ए, राजा. मग उडवलं. हजार फुटांवरून नाक खाली घातलं, सरळ जमिनीत.

पडदे लाल झाले त्याच क्षणी टोपली उडाली. कोंबडा नव्हताच तिथे. चौथऱ्याला, दाराला, देवूच्या धोतराला, माझ्या तोंडावर, सगळीकडे. पिसं, आतडी. एक पाय तेवढा अख्खा राहिला होता आणि तो अजून जमीन उकरत होता. मी ओकले. देवूनं पाणी आणून दिलं आणि एवढंच विचारलं, आता देवकीचं काय?

कळलं नाही मला. म्हटलं, देवकीचं काय?

तो म्हणाला, ती अजून वरच हाय न्हवं.

१९ नोव्हेंबर, दुपारी

पहिल्या दिवसाचं विमान. जेवायला बसलो तेव्हा थांबवलेलं. मशीनमध्ये शोधलं, आहे. उड्डाण अपूर्ण. आठ हजार फूट. आम्ही लिहिलेली नावं तीन: सोनल, नबीला, देवकी.

सोनलला फोन केला. आज तेरा दिवस तिचे कान उघडलेले नाहीत. पाय सुजून चपला होत नाहीत. ऑफिसला गेलेली नाही, खुर्चीतून उठवत नाही म्हणाली. कमरेत काहीतरी आवळल्यासारखं वाटतं. पोट बघ, म्हटलं. बघितलं तिनं. रडायला लागली.

आई, निळं आहे.

माझी पोर तेरा दिवस हवेत टांगलेली आहे, आणि मी सांदणं खात होते.

पुसायचं म्हटलं तर यादी पुसली जात नाही. उड्डाण चालू असताना नाव काढता येत नाही असं मशीन सांगतं. म्हणजे एकच रस्ता उरला, खाली आणायचं. नीट, हळू, रनवेवर. उद्या सकाळी मी उतरवेन. हजारो वेळा उतरवलंय, एकदा अजून उतरवायचं. कान ताळ्यावर हवा फक्त. आज सारखा उजवीकडे कलंडतोय.

२० नोव्हेंबर, सकाळी १०.३०

हात मोडला. डावा. लिहायचा नव्हे, म्हणून लिहू शकतेय.

तय्यबानं बापाला सगळं सांगितलं. पोरीची काय चूक? स्टिक मी धरली तेही सांगितलं. सत्तारभाई लूमवरची आठ माणसं घेऊन आले, हातात लोखंडी कांबी. एरवी मॅडम मॅडम करणारा माणूस, तोंडाला फेस आला होता. ये मशीन तोडो. मी दारात आडवी पडले. ओरडत होते, भाभी आत आहेत, तुमची नबीला आत आहे! कोण ऐकतंय? एकानं मला केसांना धरून ओढलं. दुसऱ्यानं कांब घातली, मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. देवू मधे पडला तर त्याचं डोकं फोडलं. मीही काही कमी नाही, एकाच्या दंडाचा लचका तोडला दातांनी. अजून तोंडात रक्ताची चव आहे, कुणाचं ते माहीत नाही.

मग कुणीतरी मेन स्विच खाली ओढला.

गोदामात अंधार झाला. कॉकपिटमध्ये मात्र दिवे होते. आणि आवाज आला, इंजिनं बंद पडल्याचा. तो आवाज मला झोपेतही कळेल. उंची सुटायला लागली. आठ हजार. साडेसात. सात.

सत्तारभाईंचा फोन वाजला. घरून. नबीलाभाभी छताला जाऊन आपटल्या म्हणे. छताला! आणि तिथेच चिकटून ओरडतायत.

सत्तारभाईंचं तोंड मी कधी विसरणार नाही. कांब टाकून स्वतः धावले, स्विच वर केला. इंजिनं लागली. घरी भाभी वरून खाली पडल्या. खांदा निखळलाय, जिवंत आहेत. सोनल फोन उचलत नाही.

थांबवायचं बटण आता चालत नाही. वीज गेल्यापासून विमान चालू आहे, हे लिहीपर्यंत तय्यबानं सरळ धरलंय. खरोखर चालू आहे, बोल्टांनी आवळलेलं नाक हलतंय, डुलतंय. इंधन पन्नास मिनिटांचं. बाहेर धुकं. ते मी लावलेलं नाही.

११.०५

मी बसले. तय्यबा शेजारी. सत्तारभाई थ्रॉटलच्या मागे, उभे, तसबीची माळ हातात. देवू डोक्याला फडकं बांधून दारात.

उतरण पकडली. दोन्ही रेघा मधोमध. पाचशे फुटांपर्यंत ठीक होतं. मग कान. सगळं शरीर सांगतंय की आपण उजवीकडे पडतोय, मीटर सांगतोय सरळ आहोत. बावीस वर्षं मी हेच पाळलं की शरीराचं ऐकायचं नाही, मीटरचं ऐकायचं. आणि हात शरीराचं ऐकत होता. मोडलेल्या हातानं थ्रॉटल धरवेना. डावा पंख खाली, आणखी खाली —

तय्यबा म्हणाली, मॅम, वर चला. मोठ्यानं. माझ्यावर ओरडलं नव्हतं कुणी आजवर.

वर आले. गो-अराउंड. लिहिण्यापुरतं तय्यबानं धरलंय. घरून फोन, भाभींना ओकारी झाली, पण आहेत.

इंधन एकाच फेरीचं.

११.१४

उतरवायला तय्यबाला दिलं. तुझं विमान, म्हटलं. तिनं हात पुसले ओढणीला. माझं विमान, म्हणाली. आवाज कापत होता, हात नाही.

सत्तारभाई माझ्याकडे बघतायत. म्हणाले, हात लावाल तर तोडेन. खुदा की कसम. बरोबर आहे त्यांचं.

मी उजव्या सीटवर. स्टिक माझ्या उजव्या हाताशी, वीतभर अंतरावर. म्हणून लिहितेय. पेन धरलं की हात मोकळा राहत नाही. थांबायचं नाही. काहीही झालं तरी लिहीत राहायचं.

११.१८

दोन हजार फूट. चाकं खाली. छान. वेग एकशे अडतीस. ताणा-बाणा मधोमध. शाबास गं.

सोनलनं फोन उचलला. स्पीकरवर ठेवलाय. बोलत नाही, नुसता श्वास. आई आहे गं इथे. उतरतोय आपण.

हजार. सगळं जागच्या जागी. मी म्हटलं, स्थिर. तिनं म्हटलं, चालू ठेवते.

पाचशे. धुकं. पांढरं सगळं. मला वाटतंय आपण उलटे आहोत. नाही. मीटर सरळ. मीटर सरळ.

चारशे. देवू काहीतरी पुटपुटतोय. देवकीचं नाव.

तीनशे — रेघ हलली, अर्धा ठिपका, उजवीकडे — आणली तिनं परत. बघ मनिषा, आणली. तुझी गरज नाही. लिही.

दोनशे. दिवे — दिसले — दिसले! उतरते म्हणाली. उतर गं बाई.

शंभर.

वारा. डावीकडून. कुणी लावला — मी नाही लावला —

पन्नास. सरकतंय. तिला माहीत आहे. ती सावरेल. सत्तारभाईंचा हात माझ्या खांद्यावर. सोनल ओरडतेय, आई पट्टा, आई —

चाळीस

पेन घट्ट धर पेन घट्ट

तीस. डावीकडे देतेय ती, बरोबर देतेय, थोडं कमी — कमी नाही, बरोबर आहे — मला कलंडल्यासारखं — कान आहे तो, कान — सोनल —

वीस. सावरते आहे. सावरते — नाही गं — अगं नाही — माझं विमा